चालू लायनीत कार्ड खोचताना: हॉट स्वॅप कंट्रोलर करंटला कसा आवरतो

रात्री दोनला शेतातली थ्री फेज लाईट येते. स्टार्टरला ऑटो स्विच लावलेले असल्यामुळे एका डीपीवरच्या पंधरा-वीस मोटारी एकाच क्षणी उठतात. थेट लायनीवर सुरू होणारी मोटार पहिल्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. एक मोटार डीपीला जड नाही, वीस मोटारींचा एकत्र झटका मात्र तिला झेपत नाही. फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते, आणि मग पीक वाळताना बघत बसायची वेळ येते. ऑटो स्विच काढा, असं महावितरण वारंवार सांगते ते यामुळेच.

हाच प्रकार रस्त्याकडेच्या टेलिकॉम कॅबिनेटमध्ये, सर्व्हरच्या रॅकमध्ये, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या कंट्रोल पॅनेलमध्येही घडतो. फरक इतकाच की तिथे सगळा खेळ मिलीसेकंदांत आटोपतो. रॅकमध्ये दहा कार्डं, म्हणजे खोचायचे सर्किट बोर्ड, चालू आहेत, एक बिघडलंय. बाकीची नऊ बंद न करता तेवढंच काढून नवं खोचायचं, यालाच हॉट स्वॅप म्हणतात. नवं कार्ड खोचताच ते एकदम जो करंट ओढतं तो इनरश करंट.

मोटार झटका देते ती रोटर थांबलेला असतो म्हणून. कार्डाचं कारण वेगळं आहे. कार्डाच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात आणि खोचण्याआधी ते रिकामे असतात. ठिबकची मेन लाईन आठवा. पाइपात पाणी नसताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून मोटार टाकली तर पाणी सुसाट धावतं, टोकाला आपटतं आणि जॉइंट सुटतो. म्हणून जाणता माणूस व्हॉल्व्ह थोडा उघडून लाईन भरू देतो, मग पूर्ण खोलतो. रिकामा कपॅसिटर म्हणजे कोरडी मेन लाईन; पहिल्या क्षणी तो जवळजवळ शॉर्टसारखाच वागतो.

आकडे घेऊ. लाईन ४८ व्होल्टची, कार्डावर ४७० मायक्रोफॅरड, आणि तार, कनेक्टर, कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स मिळून ०.२ ओहम. एक गोष्ट इथेच पक्की करा: ४८ हे फक्त नाव आहे. २४ सेलची लेड-ॲसिड बॅटरी फ्लोटवर सेलला २.२५ व्होल्ट धरली तरी ५४ व्होल्टवर असते आणि बूस्ट चार्जला ५६ च्या पुढे जाते. हिशेब ५६ वर करायचा. ५६ भागिले ०.२, म्हणजे २८० अँपिअर. हा करंट जेमतेम शंभर-दोनशे मायक्रोसेकंद टिकतो, पण तेवढ्यात कनेक्टरच्या पिनवर ठिणगी पडून खड्डा होतो, कार्डं ज्यात खोचतात त्या मागच्या बोर्डाचं, म्हणजे बॅकप्लेनचं, व्होल्टेज खाली बसतं आणि शेजारची चांगली कार्डं रीसेट होतात. लॅपटॉपचा चार्जर बोर्डात घालताना कधीकधी ‘चट्’ आवाज येतो, ती याच ठिणगीची धाकटी बहीण.

मग फ्यूज का नको? फ्यूज वितळायला वेळ लागतो, आणि वितळला तरी तो इनरश थांबवत नाही, कार्डच बंद करतो. एनटीसी थर्मिस्टर स्वस्त आहे आणि साध्या पॉवर सप्लायमध्ये सर्रास दिसतो. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. पण लाईट गेली आणि दोन सेकंदांत परत आली तर कपॅसिटर रिकामा झालेला असतो, थर्मिस्टर मात्र अजून गरमच. अडवायला कुणीच उरत नाही. आपल्याकडे लाईट एकदा जाते तेव्हा तीन-चारदा झपझप करूनच जाते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी एनटीसी दगा देतो.

हॉट स्वॅप सर्किटात मुख्य गोष्टी तीनच. लायनीत एक छोटा, नेमका सेन्स रेझिस्टर. त्याच्यापुढे एन-चॅनल मॉस्फेट, म्हणजे ‘गेट’ या पायावरच्या व्होल्टेजने कमी-जास्त उघडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. आणि या दोघांवर नजर ठेवणारी कंट्रोलर चिप. सेन्स रेझिस्टरवर किती मिलीव्होल्ट पडतात ते चिप बघते आणि त्यानुसार मॉस्फेटचं गेट कमी-जास्त उघडते. व्हॉल्व्ह म्हणजे मॉस्फेट, प्रेशर गेज म्हणजे सेन्स रेझिस्टर आणि व्हॉल्व्हवरचा हात म्हणजे चिप. एन-चॅनल मॉस्फेट पूर्ण उघडायला गेटला लायनीपेक्षा दहा-बारा व्होल्ट जास्त लागतात. ते चिप आपल्या पोटातल्या चार्ज पंपातून तयार करते.

उदाहरणाला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एलएम५०६९ घेऊ. ९ ते ८० व्होल्टवर चालते, बाजारात जुनी आहे, आणि तिचे आकडे समजले की दुसऱ्या कंपनीच्या चिपची डेटाशीटही वाचता येते. मोबाईल टॉवरची लाईन उणे ४८ व्होल्टची, म्हणजे प्लस अर्थला जोडलेली असते. तिथे मॉस्फेट उण्या तारेत बसतो आणि एलएम५०६७ सारखी चिप लागते. हिशेबाची रीत तीच.

कार्ड खोचल्यापासून पुढे

कनेक्टरच्या पिना मुद्दाम कमी-जास्त लांबीच्या ठेवतात. ग्राउंडची पिन सगळ्यात लांब, ती आधी टेकते. चिपला ‘चालू हो’ सांगणारी एनेबल पिन सगळ्यात आखूड. कार्ड पूर्ण बसल्याशिवाय ती टेकत नाही आणि काढताना तीच आधी सुटते, म्हणजे पॉवरच्या पिना सुटेपर्यंत करंट बंद झालेला असतो.

पॉवर टेकली तरी चिप लगेच काही करत नाही. हाताने खोचताना पिना काही मिलीसेकंद थरथरतात, टेकतात-सुटतात. तेवढा वेळ चिप गेट खाली दाबून धरते. हा थांबा टायमर पिनवरचा कपॅसिटर ठरवतो: ५.५ मायक्रोअँपिअरने तो ४ व्होल्टपर्यंत भरायचा. ०.४७ मायक्रोफॅरड लावला तर साधारण ३४० मिलीसेकंद मिळतात. लायनीचं व्होल्टेज ठरवलेल्या खालच्या आणि वरच्या हद्दीत आहे का, हेही चिप बघते. मग गेटमध्ये १६ मायक्रोअँपिअरचा बारीक करंट सोडते, मॉस्फेट हळूहळू उघडतो आणि कपॅसिटर भरू लागतो.

भरताना करंट वाढला की सेन्स रेझिस्टरवर ५५ मिलीव्होल्ट पडतात, आणि चिप गेट मागे ओढून करंट तिथेच धरते. १० मिलीओहमचा रेझिस्टर असेल तर ही मर्यादा ५.५ अँपिअर, म्हणजे ४ अँपिअर खाणाऱ्या कार्डाला पुरेशी.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं, आणि नवशिक्याची फसगत इथेच होते. करंट ५.५ अँपिअरवर धरला खरा, पण कपॅसिटर रिकामा असताना ते सगळे ५६ व्होल्ट कुणाच्या अंगावर आहेत? मॉस्फेटच्या. ५६ गुणिले ५.५ म्हणजे ३०८ वॅट, नखाएवढ्या तुकड्यात.

आणखी एक गंमत आहे. कपॅसिटर भरताना मॉस्फेटमध्ये जेवढी ऊर्जा उष्णता होऊन जाते, ती कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेइतकीच असते. सावकाश भरा नाहीतर झटकन भरा, ती बदलत नाही. ४७० मायक्रोफॅरड आणि ५६ व्होल्टला ती ०.७४ ज्यूल येते. आपल्या हातात एवढंच उरतं की ही उष्णता मॉस्फेटला एका घोटात पाजायची की सावकाश. सावकाश पाजली तर ती सिलिकॉनमधून तांब्यात आणि बोर्डात उतरायला वेळ मिळतो.

म्हणून एलएम५०६९ मध्ये करंटच्या मर्यादेवर आणखी एक मर्यादा आहे, पॉवरची. मॉस्फेटवरचं व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार ठरलेल्या वॅटच्या वर जाऊ लागला की चिप करंट त्याहून खाली ओढते. व्होल्टेज जास्त तेव्हा करंट कमी; कपॅसिटर भरत जातो तसा करंट वाढत जातो.

टायमर आणि मॉस्फेटची ओढाताण

या सर्किटाचं खरं डोकं इथे लागतं, म्हणून एक हिशेब तडीस नेऊ. पॉवरची मर्यादा ६० वॅट ठेवली तर कपॅसिटर भरायला किती वेळ?

वेळ = (कपॅसिटर ÷ २) × (व्होल्टेज² ÷ पॉवर + पॉवर ÷ करंट²)

०.०००२३५ × (३१३६ ÷ ६० + ६० ÷ ३०.२५), म्हणजे जवळपास १२.७ मिलीसेकंद.

मर्यादा लागू असेपर्यंत चिपचा फॉल्ट टायमर धावत असतो. तोच टायमर कपॅसिटर आता ८५ मायक्रोअँपिअरने भरतो आणि ४ व्होल्टला पोचला की चिप ‘फॉल्ट’ म्हणून मॉस्फेट बंद करते. ०.३३ मायक्रोफॅरडला हा वेळ १५.५ मिलीसेकंद. १२.७ पेक्षा जास्त आहे, मग चालेल? टेबलावर चालेल. पण कपॅसिटर दहा-वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असतो, चिपचा करंटही नेमका ८५ नसतो आणि कार्डावरचा मोठा कपॅसिटर छापल्यापेक्षा जास्त भरतो. शंभर कार्डांतली पाच-दहा चालूच होणार नाहीत, आणि तीही बॅटरी बूस्टवर असतानाच. असा बिघाड शोधायला महिना जातो. टायमर भरण्याच्या वेळेच्या दीडपट तरी ठेवावा. ०.४७ मायक्रोफॅरड घेतला की २२ मिलीसेकंद मिळतात.

टायमर वाढवला, पण त्याची किंमत मॉस्फेट मोजतो. कार्ड खोचताना पुढे शॉर्ट असेल तर कपॅसिटर कधी भरणारच नाही आणि मॉस्फेट पूर्ण २२ मिलीसेकंद ६० वॅट अंगावर घेईल. त्याला ते झेपतं का, हे डेटाशीटमधला एसओए, म्हणजे सुरक्षित वापराचा आलेख सांगतो. किती व्होल्टवर, किती करंट, किती वेळ.

धरून चला की निवडलेल्या १०० व्होल्टच्या मॉस्फेटचा आलेख ५६ व्होल्टवर १० मिलीसेकंदांना ३ अँपिअर आणि १०० मिलीसेकंदांना १ अँपिअर दाखवतो. आलेख दोन्ही बाजूंनी लॉग असतो, त्यामुळे २२ मिलीसेकंदांचा आकडा सरळ सरासरीने न काढता लॉगने काढायचा, तो २.०६ अँपिअर येतो. आपल्याला लागणार ६० भागिले ५६, म्हणजे १.०७. दुप्पट जागा आहे असं वाटतं. पण आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: केसचं तापमान २५ अंश. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे सावलीतच पारा ४२-४३ ला जातो. उन्हात उभ्या लोखंडी कॅबिनेटच्या आत त्याहून बरंच जास्त, आणि करंट वाहत असलेल्या मॉस्फेटची केस ८५ अंश धरणं मुळीच अतिशयोक्ती नाही. १७५ अंशांपर्यंत चालणाऱ्या मॉस्फेटला २५ वरून १५० अंशांची जागा होती, ८५ वरून ९० उरली. २.०६ ला ०.६ ने गुणा: १.२४ अँपिअर. गरज १.०७ ची. म्हणजे काठावर. निदान तीस टक्के जागा हवी.

आता पॉवरची मर्यादा ५० वॅटवर आणू. भरायचा वेळ १५.१ मिलीसेकंद होतो. २२ चा टायमर त्याच्या जवळपास दीडपट, म्हणजे चालेल. लागणारा करंट ०.८९ अँपिअर, उपलब्ध १.२४, जवळपास चाळीस टक्के जागा. जमलं. आणखी खाली, २५ वॅटवर गेलो तर? ५६ व्होल्टवर करंट ०.४५ अँपिअर, सेन्स रेझिस्टरवर फक्त ४.५ मिलीव्होल्ट. ५ मिलीव्होल्टच्या खाली चिपच्या आतली स्वतःची चूकच इतकी मोठी ठरते की पॉवरची मर्यादा भरवशाची राहत नाही.

या ओढाताणीत मॉस्फेट बदलायची वेळ आली तर एक सवय मोडावी लागते. मॉस्फेट निवडताना सगळे आधी ऑन रेझिस्टन्सचे, म्हणजे पूर्ण उघडल्यावर उरणाऱ्या रेझिस्टन्सचे, मिलीओहम बघतात. दीड-दोन मिलीओहमचा नवा ट्रेंच मॉस्फेट स्विच म्हणून उत्तम, पण अर्धवट उघडा ठेवून जास्त व्होल्टेजवर तापवला की बरेचदा पहिला मरतो. आतले हजारो छोटे सेल एकसारखे तापत नाहीत. जो जास्त तापतो त्याचा थ्रेशोल्ड (उघडायला लागणारं गेटचं व्होल्टेज) उतरतो, म्हणून तो आणखी करंट ओढतो, आणखी तापतो, आणि त्या एका ठिपक्यात भोक पडतं. दोन मॉस्फेट जोडीने लावले तरी हीच गत. पूर्ण उघडल्यावर ते करंट वाटून घेतात, पण उघडताना ज्याचा थ्रेशोल्ड किंचित कमी तो एकटाच सगळं ओझं घेतो. एसओए एकाच मॉस्फेटचा धरायचा. लिनिअर, म्हणजे अर्धवट उघडं ठेवून, वापरासाठी, हॉट स्वॅपसाठी म्हणून वेगळे मॉस्फेट मिळतात; दोन पैसे जास्त जातात, जाऊ द्यावेत.

कार्डावर दोन-तीन हजार मायक्रोफॅरड असतील तर वरची वाट अरुंद होते. तिथे गेटवर कपॅसिटर लावून व्होल्टेज चढण्याचा वेगच बांधून टाकतात. १० नॅनोफॅरड आणि १६ मायक्रोअँपिअर म्हणजे मिलीसेकंदाला १.६ व्होल्ट. आपल्या ४७० मायक्रोफॅरडला यात फक्त ०.७५ अँपिअर लागतो. करंट किंवा पॉवर, कुठलीच मर्यादा लागू होत नाही, म्हणून फॉल्ट टायमर धावतच नाही आणि तो एक-दोन मिलीसेकंदांचाच ठेवता येतो. शॉर्टच्या वेळी मॉस्फेटवरचा ताण एकदम उतरतो. मात्र गेटच्या कपॅसिटरला किलोओहमभर रेझिस्टर मालिकेत हवा, नाहीतर बंद होताना तोच कपॅसिटर गेटला धरून ठेवतो.

शॉर्ट झाल्यावर

चालू कार्डात ओव्हरलोड दोन जातींचा. कार्डाने ६ अँपिअर मागितले तर ५५ मिलीव्होल्टची मर्यादा लागते, टायमर धावतो, आणि २२ मिलीसेकंदांत मागणी उतरली नाही तर बंद. क्षणभराच्या उसळीने कार्ड मरत नाही, हा याचा फायदा. खरा शॉर्ट मात्र इतकी वाट बघू देत नाही. सेन्स रेझिस्टरवर १०५ मिलीव्होल्ट दिसले, म्हणजे आपल्या हिशेबात १०.५ अँपिअर, की चिप टायमर बाजूला ठेवून गेट २३० मिलीअँपिअरने खाली खेचते.

तरी करंट १०.५ वर थांबत नाही. तारांचा इंडक्टन्स १ मायक्रोहेन्री धरला तर ५६ व्होल्टवर करंट दर मायक्रोसेकंदाला ५६ अँपिअरने चढतो. चिप आणि गेटला मिळून एक मायक्रोसेकंद लागला तर बंद होताना करंट ६५ च्या वर गेलेला असतो. आणि तो एकदम तुटला की तार उसळी मारते, मोटारीच्या कॉन्टॅक्टरवर ठिणगी उडते तशी. चिपची सहनशक्ती १०० व्होल्ट. म्हणून इनपुटला टीव्हीएस डायोड, म्हणजे व्होल्टेजची उसळी दाबून धरणारा डायोड, अनिवार्य आहे.

इथे एसएमसीजे६०ए हा टीव्हीएस लावून मोकळं होणारे पुष्कळ. त्याचा क्लॅम्प, म्हणजे उसळी जिथे दाबून धरतो ते व्होल्टेज, ९६.८ व्होल्ट लिहिलेला असतो, पण तो १५.५ अँपिअरला. ६५ अँपिअर ढकलले की तो शंभर कधीच ओलांडतो. उसळीची ऊर्जा फक्त दोन मिलीज्यूलची, त्यामुळे डायोड जळत नाही. चिप जाते आणि डायोड साळसूदपणे जागेवर बसलेला असतो. मोठा टीव्हीएस घ्या, नाहीतर दोन जोडीने लावा, आणि चिपच्या पायापासून सेंटिमीटरभराच्या आत ठेवा. उसळी दाबायला इनपुटवर मोठा कपॅसिटर ठेवायचा मोह होतो. तो मॉस्फेटच्या अलीकडे येतो, म्हणजे ज्या इनरशसाठी हा सगळा खटाटोप तोच पुन्हा पिनवर. आउटपुटला ग्राउंडकडे एक शॉटकी डायोड हवा, कारण पुढच्या तारेतला करंट तुटताना आउटपुटला शून्याच्या खाली ओढतो.

बंद झाल्यावर पुढे काय, हे चिपच्या नावातल्या शेपटीवर. एलएम५०६९-१ बंद झाली की बंदच राहते; पॉवर काढून द्यावी लागते किंवा एनेबल हलवावं लागतं. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले ट्रिप झाल्यावर हाताने दाबायचं लाल बटण, तसं. -२ थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करते, शॉर्ट असेल तर पुन्हा बंद. म्हणजे ऑटो स्विच, फक्त शहाणा: दोन प्रयत्नांमध्ये मॉस्फेटला थंड व्हायला भरपूर वेळ देणारा. टॉवरवर, माळावर, जिथे माणूस पोचायला अर्धा दिवस लागतो तिथे -२ बरी. माणूस शेजारीच असेल तर -१, म्हणजे शॉर्टवर दर थोड्या वेळाने करंट फेकत राहण्याचा प्रकार होत नाही.

बोर्डावरच्या चुका

सेन्स रेझिस्टरच्या पॅडच्या आतल्या कडेतून दोन बारीक ट्रॅक थेट चिपपर्यंत न्यावेत. एका औंसाच्या तांब्याचा चौकोनी तुकडा, लहान असो की मोठा, अर्धा मिलीओहमच्या आसपास असतो. सेन्सचा ट्रॅक दोन चौकोन लांबून घेतला की १० मिलीओहमचे ११ झाले आणि ५.५ ची मर्यादा ५ वर आली. कार्ड उन्हाळ्यात विनाकारण ट्रिप होतं, कारण तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स आणखी वाढतो.

गेटजवळ १० ओहमचा रेझिस्टर ठेवा, नाहीतर अर्धवट उघडा मॉस्फेट काही मेगाहर्ट्झवर किणकिणतो. पुढचा डीसी-डीसी कन्व्हर्टर आउटपुट पूर्ण चढल्याचं सांगणाऱ्या चिपच्या ‘पॉवर गुड’ पिनवरूनच चालू करा; कपॅसिटर भरतानाच तो करंट ओढू लागला तर भरणं लांबतं आणि टायमर संपतो. ‘कधी चालू होतं, कधी नाही’ अशा तक्रारीत आधी हेच तपासावं.

चाचणी घेताना तीन गोष्टी स्कोपवर एकत्र बघा: गेट, आउटपुट आणि करंट प्रोबवरचा करंट. आधी साधं खोचून. मग आउटपुट शॉर्ट ठेवून पॉवर द्या. मॉस्फेटची खरी परीक्षा ही. शेवटी पूर्ण लोडवर चालू असताना आउटपुट शॉर्ट करा आणि त्या वेळी चिपच्या इनपुट पायावरची उसळी मोजा. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लावा, नाहीतर तारेचीच उसळी मोजून घाबराल. हे सगळं ५६ व्होल्टवर आणि कार्ड तापवून करायचं. जानेवारीत एसी खोलीत पास झालेल्या कार्डाचा मे महिन्यात काही उपयोग नाही.

एक बिघाड मात्र दिसत नाही. मॉस्फेट मरतो तेव्हा बहुतेकदा ड्रेन-सोर्स (करंट आत-बाहेर जायचे त्याचे दोन पाय) शॉर्ट होऊन मरतो. कार्ड छान चालतं, दिवे लागतात, फक्त मध्ये अडवणारं आता कुणी नाही. म्हणून चिप कितीही चांगली असो, तिच्या अलीकडे फ्यूज राहू द्यावा. आणि कार्ड दुरुस्तीला आलं की आधी एनेबल पिन ग्राउंडला टेकवून आउटपुट खाली येतं का ते बघावं. आलं नाही, तर मॉस्फेट बदलायचा.